तेरणाकाठचा कौल

तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात ‘तगर’ या नावाने त्याचा उल्लेख येतो. या पेठेतले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. महाराष्ट्राला मात्र हे गाव ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे म्हणून. संतमंडळी जमली असता गोरोबांनी मडकी थापण्याचे थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पक्के कोण, कच्चे कोण ते पाहिले, ही कथा घरोघर सांगितली जाते. नामदेवांसारखा लाडका भक्त त्या परीक्षेत कच्चा ठरला.

लोकशाहीत हे थापटणे मतदाराच्या हाती असते असे मानले जाते. पाच वर्षांनी एकदा त्याने ते उचलावे, समोरच्या मडक्यावर ठोकावे आणि निवाडा द्यावा. तेर ज्या उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात येते, तेथे १९५२ पासून २०२४ पर्यंत अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. निवडणूक आयोगाच्या यादीत मात्र २०२४ मध्येही मतदारसंघ उस्मानाबाद याच नावाने राहिला. या अठरा कौलांचा हिशेब मांडला तर एक प्रश्न टाळता येत नाही. मतदाराने मडकी तपासली हे खरे. पण तपासण्यासाठी समोर कोणती मडकी ठेवायची, हे कोणी ठरविले?

१९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा उस्मानाबाद हैदराबाद राज्यात होते. निजामी राजवट संपून जेमतेम तीन वर्षे लोटली होती. रझाकारांच्या अत्याचारांच्या जखमा ओल्या होत्या आणि मुक्तिसंग्रामात पडलेल्या कार्यकर्त्यांची पुण्याई ताजी होती. ती पुण्याई काँग्रेसच्या पदरात पडली आणि राघवेंद्र श्रीनिवास दिवाण लोकसभेवर गेले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला हादरे दिले; उस्मानाबादेत मात्र काँग्रेसचेच व्यंकटराव श्रीनिवासराव नळदुर्गकर निवडून आले. पुढे १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन निवडणुका तुळशीराम आबाजी पाटील यांनी जिंकल्या. पहिली पाच लोकसभा पर्वे ही अशी सलग एका पक्षाची.

यावरून या भागात विरोधाचा आवाजच नव्हता असे कोणी समजेल तर ती मोठी चूक होईल. शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील हे याच मातीतले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात तावून सुलाखून निघालेला हा नेता उस्मानाबादच्या ग्रामीण भागात कूळ, शेतमजूर आणि लहान शेतकरी यांचा आधार होता. विधिमंडळात त्यांचा शब्द सत्ताधाऱ्यांनाही कान देऊन ऐकावा लागे. दुष्काळ पडला की गावोगाव मोर्चे निघत, खडी फोडणाऱ्या मजुरांच्या हजेरीपटापर्यंत कार्यकर्ते जाऊन पोहोचत. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो हात कामाला लागले. त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि तिला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पकता होती, तशीच रस्त्यावर उतरलेल्या मजुरांची आणि त्यांच्या बरोबर चालणाऱ्या डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांची चिकाटीही होती. निवडणुकीत हरूनही राज्याचे धोरण घडविता येते, याचा तो दाखला होता.

१९७७ ची निवडणूक या मतदारसंघाच्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल. आणीबाणीच्या काळोखानंतर मराठवाड्याने काँग्रेसकडे जवळजवळ पूर्ण पाठ फिरविली. औरंगाबादहून समाजवादी नेते बापू काळदाते, जालन्याहून जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे, बीडहून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे, परभणीहून शेकापचे शेषराव देशमुख, नांदेडहून शेकापचेच केशवराव धोंडगे आणि लातूरहून स्वतः उद्धवराव पाटील निवडून आले. या लाटेत उस्मानाबाद मात्र काँग्रेसकडेच राहिले. तुकाराम सदाशिव शृंगारे तेथून निवडून आले.

ज्या जिल्ह्याने उद्धवरावांना घडविले, त्याच जिल्ह्याच्या नावाचा मतदारसंघ उलटला नाही आणि उद्धवराव शेजारच्या लातुरातून दिल्लीस गेले, हे कोडे वरकरणी विचित्र वाटते. त्याचा एक धागा मतदारसंघांच्या फेररचनेत सापडतो. तोवर लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव होते आणि उस्मानाबाद खुले. १९७७ पासून हे उलट झाले. उस्मानाबाद राखीव झाल्यामुळे विरोधी पक्षांचा सर्वांत तगडा उमेदवार तेथे उभा राहू शकत नव्हता. पण एवढ्यावर हात झटकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. खुल्या जागेवर मराठा शेतकऱ्याचा नेता उभा करणे विरोधी पक्षांना जमत होते. दलित वस्तीतून आलेला, तिथल्या माणसांनी आपला मानलेला आणि तरीही सर्व गावाचा विश्वास कमावलेला नेता त्यांना तीस वर्षांत घडविता आला नव्हता. डाव्या चळवळीची ती उणीव १९७७ ने उघडी केली.

ही उणीव अधिक बोचते ती या भूमीच्या पूर्वेतिहासामुळे. तेरहून दूर नसलेल्या कसबे तडवळे येथे १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. वतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहणाऱ्या माणसाला तेथे ताठ मानेने उभे राहण्याचा संदेश मिळाला. म्हणजे या परिसरातील दलित समाजाला राजकीय जाण कोणाकडून उसनी घ्यावी लागणार नव्हती. ज्यांच्याजवळ जाण होती त्यांच्याजवळ जमीन नव्हती, पतपुरवठ्याची संस्था नव्हती आणि पक्षाची यंत्रणाही नव्हती.

१९७७ ते २००४ या काळातील नऊ निवडणुका राखीव मतदारसंघात झाल्या. शृंगारे यांच्यानंतर १९८० मध्ये त्र्यंबक मारोतराव सावंत निवडून आले. १९८४, १९८९, १९९१ आणि पुन्हा १९९८ मध्ये अरविंद तुळशीराम कांबळे यांनी काँग्रेसतर्फे विजय मिळविला. १९९६ आणि १९९९ मध्ये शिवसेनेचे शिवाजी कांबळे, तर २००४ मध्ये शिवसेनेच्याच कल्पना नरहिरे निवडून आल्या. २००४ चा विजय दोन हजारांहूनही कमी मतांचा होता. २०२४ पर्यंत या मतदारसंघातून लोकसभेवर गेलेल्या नरहिरे या एकमेव स्त्री होत.

नऊ निवडणुका आणि पाच दलित खासदार. या आकड्यांकडे पाहून समाधान मानणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. या सत्तावीस वर्षांत जिल्ह्याची सत्ता कोणाच्या हाती होती? खासदाराच्या हाती ती नव्हती हे तेरच्या कोणाही शेतमजुराने सांगितले असते. १९३२ च्या पुणे करारात राखीव जागांवर उमेदवारांची प्राथमिक निवड दलित मतदारांनीच करावी अशी तरतूद होती. ती मुदतबंद होती आणि पुढे राहिली नाही. राज्यघटनेतील राखीव जागा संयुक्त मतदारसंघाच्या आहेत. उमेदवार दलित असला पाहिजे एवढेच बंधन आहे. त्याची निवड मात्र पक्षश्रेष्ठी करतात आणि त्याचे यश ज्यांच्याकडे गावची मते वळविण्याची ताकद असते त्यांच्या कृपेवर अवलंबून राहते. संयुक्त मतदारसंघाच्या तत्त्वाला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. माणसाने माणसाला जातीपलीकडे जाऊन मत द्यावे, हेच त्याचे ध्येय आहे. पण जेथे जमीन, पाणी आणि पत या तिन्ही गोष्टी मूठभरांकडे असतात, तेथे संयुक्त मतदारसंघ हा बरोबरीच्या माणसांचा संयुक्त व्यवहार राहत नाही.

ही ताकद कोठे साठली होती? ती साठली सहकारात. तेरणाच्या खोऱ्यात ढोकी येथे तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा कोरडवाहू ज्वारीवर जगणाऱ्या या भागाला तो मोठा आशेचा किरण होता. शेतकऱ्याने भाग घ्यावा, त्यानेच संचालक निवडावेत, नफा त्याच्याच घरी जावा, ही सहकाराची कल्पना समाजवादाच्या अगदी जवळची होती. प्रत्यक्षात कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती, शिक्षणसंस्था आणि जिल्हा परिषद या पाचांच्या चाव्या एकाच जुडग्यात आल्या. उसाची तोड कोणाच्या शेतात आधी यायची, सोसायटीचे कर्ज कोणाचे नवे-जुने करायचे, मुलाला शाळेत शिपाई म्हणून कोठे चिकटवायचे, या प्रश्नांची उत्तरे एकाच वाड्यात मिळू लागली. ज्याचा चरितार्थ या उत्तरांवर अवलंबून असतो, त्याचे मत गुप्त असले तरी मोकळे नसते.

तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील यांचे राजकारण याच काळात उभे राहिले. १९७८ पासून २००९ पर्यंत ते उस्मानाबादचे आमदार होते. ऊर्जा खात्यासह राज्य मंत्रिमंडळातील अनेक पदे त्यांनी भूषविली. या कालखंडात लोकसभेवर कोणीही गेले तरी मुंबईतील मंत्रालय आणि गावातील सोसायटी यांना जोडणारी दोरी एकाच हाती होती. याला एका व्यक्तीचा दोष समजणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक ग्रामीण जिल्ह्यांत अशीच घराणी उभी राहिली. नाव बदलते, नदी बदलते, कारखान्याच्या कमानीवरील अक्षरे बदलतात. व्यवस्था तीच राहते. ती जिल्ह्या-जिल्ह्यातून वाढत असताना तिला ‘सहकारमहर्षींची परंपरा’ म्हणून हार घालणाऱ्यांत पुरोगामी म्हणविणारेही कमी नव्हते.

या व्यवस्थेचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. २००२ च्या होम ट्रेड रोखे प्रकरणात ज्या जिल्हा बँकांचा पैसा अडकला, त्यांत उस्मानाबादची बँकही होती. तेरणा कारखाना कर्जाखाली दबून कित्येक गळीत हंगाम बंद राहिला. शेतकऱ्यांचा ऊस दूरच्या कारखान्यांकडे जाऊ लागला आणि अखेर कारखाना भाडेतत्त्वावर खाजगी उद्योगाकडे गेला. सभासदांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली मालमत्ता अशी सहज दुसऱ्याच्या हाती जाते आणि एकाही निवडणुकीत ती मुख्य प्रश्न होत नाही, याहून मतदारसंघाच्या दुरवस्थेचा अधिक स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

काँग्रेसविरोधी असंतोष या काळात संपला नव्हता. त्याची वाट बदलली होती. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत गावागावांतील तरुणांच्या बेकारीला आणि वैफल्याला जातीय व धार्मिक विद्वेषाचे खतपाणी मिळाले. शेकाप आणि समाजवादी यांच्या संघटना तोवर थकल्या होत्या. जनता पक्षाच्या फुटींनी कार्यकर्ता भांबावला होता. उद्धवरावांसारखे नेते काळाच्या पडद्याआड गेले होते. १९९३ च्या सप्टेंबरात भूकंपाने उमरगा, लोहारा, औसा या पट्ट्यातील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा देशभरातून सेवाभावी कार्यकर्ते धावून आले. घरे पुन्हा उभी राहिली. पण उभ्या राहिलेल्या गावात नवी राजकीय संघटना कोणी उभी केली नाही. ती पोकळी शिवसेनेने भरून काढली. १९९६ मध्ये चव्वेचाळीस वर्षांनंतर प्रथमच काँग्रेसने ही जागा गमावली. तेव्हा ती कोणा डाव्या पक्षाकडे गेली नाही. शिवसेनेच्या शाखेत बसणारा तरुण हा वीस वर्षांपूर्वी शेकापच्या मोर्चात चालणाऱ्या शेतकऱ्याचाच मुलगा होता. त्याला दोष देण्याआधी त्याच्या बापाचा झेंडा कोणाच्या हातून खाली पडला, हे विचारावयास हवे.

२००९ मध्ये फेररचनेने पुन्हा उलटापालट केली. लातूर राखीव झाले, उस्मानाबाद खुले झाले. नव्या मतदारसंघात उस्मानाबाद, तुळजापूर, उमरगा आणि परंडा यांच्या जोडीला लातूर जिल्ह्यातील औसा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे विधानसभा मतदारसंघ आले. जागा खुली होताच पडद्यामागची सत्ता स्वतः पुढे आली. पद्मसिंह पाटील राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार झाले आणि शिवसेनेचे रवींद्र गायकवाड यांचा सात हजारांहून कमी मतांनी पराभव करून लोकसभेवर गेले. बत्तीस वर्षे जी सत्ता राखीव जागेच्या आडून चालत होती, तिने आता स्वतःच्या नावाने शिक्का मागितला.

तेव्हापासूनचा इतिहास हा विचारांच्या लढतीचा न राहता एका घराण्याच्या दोन शाखांच्या लढतीचा झाला आहे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत पद्मसिंह पाटील यांना त्यांचेच नातलग पवनराजे निंबाळकर यांनी आव्हान दिले होते आणि निकाल पाचशेहून कमी मतांच्या फरकाने लागला होता. २००६ मध्ये पवनराजे यांची हत्या झाली. त्या प्रकरणाचा निवाडा हे न्यायासनाचे काम आहे. राजकीय लेखणीने त्यात उतरू नये. राजकारणावर झालेला परिणाम मात्र सर्वांसमोर आहे. पवनराजे यांचे पुत्र ओमप्रकाश राजेनिंबाळकर २००९ मध्ये शिवसेनेतर्फे उस्मानाबादचे आमदार झाले. २०१४ मध्ये देशव्यापी लाटेत रवींद्र गायकवाड यांनी पद्मसिंह पाटील यांना सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरविले. या खासदारांच्या कारकिर्दीत मतदारसंघाचे नाव देशभर गाजले ते २०१७ मध्ये विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याच्या प्रकरणाने. दुष्काळावरील एखाद्या भाषणाने गाजले असते तर ते सार्थ ठरले असते.

२०१९ मध्ये शिवसेनेने ओमप्रकाश राजेनिंबाळकर यांना उभे केले. समोर पद्मसिंह यांचे पुत्र राणाजगजितसिंह पाटील राष्ट्रवादीतर्फे होते. सव्वा लाखाहून अधिक मतांनी त्यांचा पराभव झाला. काही महिन्यांतच ते भारतीय जनता पक्षात गेले आणि तुळजापूरचे आमदार झाले. २०२४ मध्ये शिवसेनेची व राष्ट्रवादीची प्रत्येकी दोन शकले झालेली होती. राणाजगजितसिंह भाजपचे आमदार असताना त्यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी निवडणुकीच्या तोंडावर अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि घड्याळ या चिन्हावर उमेदवारी घेतली. त्याच निवडणुकीत बारामतीत त्याच चिन्हावर उभ्या असलेल्या सुनेत्रा पवार या पद्मसिंहांच्या भगिनी, म्हणजे तेरच्याच लेक. एका गावच्या एका घरातील लेक आणि सून दोन मतदारसंघांत उभ्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी मतदारांनी नकार दिला. उस्मानाबादेत राजेनिंबाळकर ३,२९,८४६ मतांनी विजयी झाले. राज्यातील मोठ्या मताधिक्यांत त्याची गणना झाली.

पती एका पक्षात, पत्नी दुसऱ्या पक्षात, आणि दोघांना त्यात काही विसंगत वाटत नाही. यावर हसून चालणार नाही. पक्ष ही विचाराने बांधलेल्या माणसांची संघटना असते हा समजच येथे मोडीत निघाला आहे. पक्ष हे घराण्याला भाड्याने मिळणारे जोत झाले आहे. हंगाम बदलला की बैल तेच, जोत दुसरे.

पण या निकालांतून मतदाराची थट्टा करणारा निष्कर्ष काढणे हा त्याच्यावर अन्याय होईल. उस्मानाबादच्या मतदाराने सत्ता, पैसा आणि संस्था हाती असलेल्यांना २०१४, २०१९ आणि २०२४ असे सलग तीन वेळा नाकारले आहे. २००४ ची अटीतटी आणि २०२४ चे मताधिक्य यांच्या दरम्यान गावातील माणसाची भीती कमी झाली, हे स्पष्ट दिसते. सोसायटीच्या चेअरमनाच्या डोळ्यादेखत त्याने विरोधात बटण दाबले. २०२४ च्या मे महिन्यात सोयाबीनच्या पडलेल्या भावाने गांजलेला शेतकरी, राज्यघटनेच्या भवितव्याने अस्वस्थ झालेला दलित, भयाखाली वावरणारा मुसलमान आणि आरक्षणाच्या प्रश्नावर रस्त्यावर आलेला मराठा तरुण एका बाजूला उभे राहिले. हे एकत्र येणे साधे नव्हे. मराठवाड्यात ज्या जातींच्या भिंती विद्यापीठाच्या नावावरून उंच झाल्या होत्या, त्या काही काळ तरी ओलांडल्या गेल्या.

तरीही नकार म्हणजे कार्यक्रम नव्हे. एका शाखेला नाकारताना मतदारासमोर दुसरी शाखाच उभी होती. विजयी उमेदवार लोकांत मिसळतो, फोन उचलतो, अडल्या-नडल्याला मदत करतो, ही त्याची कीर्ती खरी असेलही. लोकप्रतिनिधीने हे करावेच. पण फोन उचलणाऱ्या खासदाराने पाणी वाटले जात नाही आणि कारखाना सभासदांच्या मालकीचा होत नाही. हक्क म्हणून मिळावयाची गोष्ट ओळखीने मिळू लागली की ती देणाऱ्याचा उपकार होतो आणि उपकारातूनच पुढचे घराणे जन्मते.

प्रश्न तर समोर उभे आहेत. कृष्णेच्या खोऱ्यातील हक्काचे पाणी मराठवाड्यात आणण्याचे आश्वासन कित्येक निवडणुकांत नव्याने दिले गेले. दरम्यान उस्मानाबाद शहराची तहान भागविण्यासाठी उजनीचे पाणी नळाने ओढून आणावे लागले. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियान हाती घेतले, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या दोन जिल्ह्यांत यवतमाळच्या जोडीला उस्मानाबाद होते. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ या गोंडस नावाने यादी केली. महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशीमसह उस्मानाबादचा समावेश झाला. एका बाजूला मंत्रिपदे, कारखाने, शिक्षणसंस्था यांचा इतिहास आणि दुसऱ्या बाजूला आत्महत्या व मागासलेपणाच्या याद्यांत पहिल्या रांगेत स्थान. या दोहोंचा संबंध समजावून सांगणे हेच समाजवादी प्रचाराचे पहिले काम आहे. विकास पोहोचला नाही असे म्हणणे पुरेसे नाही. विकासासाठी आलेला पैसा आणि पाणी कोणत्या बांधावर अडले, हे गावाला नावानिशी नव्हे तर हिशेबाने दाखविता आले पाहिजे.

पुढे आणखी एक परीक्षा आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आणि तिची अंमलबजावणी जनगणना व त्यानंतरच्या फेररचनेशी जोडली. उस्मानाबादला राखीव जागेचा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. जागा राखीव झाली आणि गावातील सत्ता तशीच राहिली, तर प्रतिनिधी कोण होतो, हे या मतदारसंघाने पाहिले आहे. बचत गट चालविणारी, रोजगार हमीच्या कामावर हजेरी मांडणारी, ऊसतोडीला जाऊन परत येणारी बाई उमेदवार व्हावी असे वाटत असेल, तर तिची तयारी आजच सुरू झाली पाहिजे. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री कार्यकर्ती शोधणाऱ्या पक्षाला वाड्यातील सूनच सापडणार.

म्हणून या मतदारसंघातील कामाची सुरुवात लोकसभेपासून होत नाही. ती गावच्या सोसायटीच्या मतदारयादीपासून होते. सभासद किती, मृत किती, ज्यांना सभासदत्व नाकारले ते किती, याचा तपास ज्या गावात दोन कार्यकर्ते करतील त्या गावात सत्तेचा पाया हलेल. कारखान्याच्या भाडेकराराची प्रत सभासदाच्या हाती पडली पाहिजे. ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामांचा आराखडा मोठ्याने वाचला गेला पाहिजे. तेरणेच्या पाण्याचा वाटा ऊस असलेल्याला किती आणि भूमिहीनाच्या घागरीला किती, हा प्रश्न उन्हाळ्यात नव्हे तर पाऊस पडत असताना विचारला गेला पाहिजे. दलित वस्तीतील कार्यकर्ता राखीव जागेसाठी नव्हे तर साऱ्या गावाच्या नेतृत्वासाठी घडविला पाहिजे. ही कामे संथ आहेत, त्यांना प्रसिद्धी नाही. परंतु उद्धवरावांच्या पिढीने मिळविलेली पत याच कामांतून आली होती, आणि पुढच्यांनी ती गमावली तीही याच कामांकडे पाठ फिरविल्यामुळे.

गोरोबाकाकांच्या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. कच्चे ठरल्यावर नामदेव रागावले, दुःखी झाले. पण अखेर त्यांनी तो निवाडा मानला आणि विसोबा खेचरांकडे जाऊन शिष्यत्व पत्करले. तेरणाकाठच्या मतदाराने अनेकदा थापटणे उचलले आहे. त्याने काँग्रेसला तपासले, शिवसेनेला तपासले, घराण्यांना तपासले. डाव्या आणि समाजवादी संघटनांनाही त्याने केव्हाच कच्चे ठरविले आहे. निवाड्यावर रुसून बसण्याने मडके पक्के होत नाही. त्याला पुन्हा आव्यात जावे लागते. ज्या दिवशी गावच्या कष्टकऱ्यांतून भाजून निघालेले एक मडके तेरच्या मतदारासमोर येईल, त्या दिवशी त्याच्या थापटण्याला खरी निवड करता येईल.